फितीच्या पुढचे शंभर मीटर

नागपूरच्या विमानतळावर पोचवायला आलेल्या माणसांना आत सोडत नाहीत. त्यामुळे आमचा निरोप दाराबाहेरच्या लोखंडी कठड्यापाशी झाला. दुपारचे दोन वाजले होते. कठड्याच्या एका बाजूला सहा बॅगा, माझा नवरा सुहास, त्याच्या खांद्यावर झोपलेली चार वर्षांची इरा आणि मी. दुसऱ्या बाजूला आई, बाबा, दादा आणि वहिनी. आई म्हणाली, "पोचल्यावर फोन कर. पण आधी जेवून घे, मग कर." दादाने बॅगा दोनदा मोजल्या. बाबा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. ते जरा बाजूला, ताठ उभे होते. त्यांनी सुहासशी हात मिळवला, झोपलेल्या इराच्या पावलाला हात लावला आणि मला म्हणाले, "तिकडच्या लायब्रऱ्या मोठ्या असतात म्हणे. माझा कागद मिळतो का बघ."

मी "बघते" म्हटलं. त्यानंतर अकरा वर्षं बघितलं नाही.

तो कागद कोणता, हे आधी सांगितलं पाहिजे.

दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. पूर्व युरोपातल्या एका राजधानीत जगभरच्या तरुणांचा महोत्सव भरला. आमच्या घरात त्या शहराचं नाव क्वचितच घेतलं जाई. 'फेस्टिव्हल' म्हटलं की सगळ्यांना कळे. शांतता आणि मैत्रीच्या घोषणा, गाणी, नाच, मिरवणुका, आणि त्यांच्या जोडीला खेळांच्या स्पर्धा असा तो कार्यक्रम होता. बाबा सांगत की स्टेडियमची एक बाजू बॉम्बने पडलेली होती आणि तिथे फळ्या ठोकून लोकांना बसवलं होतं. भारतातून विद्यार्थ्यांचं एक पथक गेलं. त्यात गाणारे होते, नाटकवाले होते, पुढारी होऊ पाहणारे बरेच होते. पळणारा एकच होता आणि त्याचा पासपोर्ट वेळेवर आला नाही. पथकाबरोबर जाणारे खेळाचे शिक्षक नागपूरच्या एका कॉलेजातले होते. त्यांनी आपल्याच कॉलेजात मैलाची शर्यत पळणाऱ्या एका विद्यार्थ्याला विचारलं. त्याला राजकारणात काडीचा रस नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "ट्रॅक आहे ना?"

ते बाबा. मुंबईहून बोटीने आणि पुढे आगगाडीने ते गेले आणि पंधराशे मीटर पळले.

ही शर्यत आम्ही घरी इतक्यांदा ऐकली होती की लहानपणी दादा आणि मी ती एकमेकांना म्हणून दाखवायचो. सुरुवातीला बाबा मागून दुसरे. मग घंटा वाजते आणि सगळे गोरे उधळतात. "मी म्हटलं, जाऊ द्या. दमतील. आपला जोर शेवटापर्यंत झाकून ठेवायचा." मग एकेक पाठ जवळ येऊ लागते. शेवटची पाठ हिरव्या शर्टाची. हिरव्या शर्टाला मागे टाकून बाबा रेषेपाशी पोचतात. तिथे शिक्षक हातात घड्याळ घेऊन उभे असतात आणि ओरडतात, "थर्ड! थर्ड!" वेळ चार मिनिटं चौदा सेकंद. बक्षीस समारंभ दुसऱ्या दिवशी होता, पण पथकाची गाडी त्याआधीच निघाली, म्हणून पदक मिळालं नाही.

पुरावा म्हणावा असं काहीच उरलं नव्हतं. परत आल्यावर बाबांना सरकारी मोजणी खात्यात नोकरी लागायची होती. पोलीस चौकशी व्हायची होती, आणि त्या देशातून जाऊन आलेल्या माणसाकडे तेव्हा संशयाने पाहिलं जाई. आजोबांनी महोत्सवाचा बिल्ला, कार्यक्रमपत्रिका आणि फोटो एका सकाळी पाणी तापवायच्या बंबात घातले. बाबांना नोकरी लागली. निवृत्त होईपर्यंत ते लोकांच्या जमिनी मोजत राहिले आणि शर्यतीबद्दल घराबाहेर एक अक्षर बोलले नाहीत.

मी नागपूरच्या एका दैनिकात होते. आधी उपसंपादक, नंतर क्रीडा पानाची प्रमुख. आमच्या डेस्कचा नियम साधा होता. कागद नसेल तर बातमी नाही. निकालपत्र, आयोजकांची सही, नाहीतर दोन स्वतंत्र माणसांचा दुजोरा. तालुक्याच्या कबड्डीचा निकालसुद्धा मी याशिवाय लावला नाही.

बाबांच्या पंचाहत्तरीला दादाने हॉल घेतला होता. जेवणं सुरू होती. बाबांचे एक मित्र मला म्हणाले, "अगं, बाबा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिसरा आलाय आणि तुझ्या पेपरात ओळ नाही? मुलगी असून?" सगळे हसले. मी बाबांकडे वळून विचारलं, "कागद आहे का?" तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी पुढे म्हणाले की चार मिनिटं चौदा सेकंदात आंतरराष्ट्रीय शर्यतीत कोणी तिसरा येत नाही, आणि गाडी सुटली म्हणून पदक राहिलं हे कारण माझ्या डेस्कवर टिकलं नसतं. मी ते हसत म्हटलं होतं, पण आवाज मोठा होता. आसपासच्या पंगती गप्प झाल्या. बाबा म्हणाले, "कागद आहे का, हे माझ्याच खात्यातलं वाक्य मला ऐकवलंस," आणि उठून हात धुवायला गेले. त्यांच्या ताटात मठ्ठा आणि अर्धी पुरी उरली होती.

त्यानंतर त्यांनी ती शर्यत कोणालाही सांगितली नाही. सात वर्षांनी आम्ही निघालो, तेव्हा कठड्यापाशी त्यांनी तिचा पहिल्यांदा उल्लेख केला.

अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या पहिल्या काही वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जे इकडे आलेत त्यांनी ती वर्षं स्वतः काढली आहेत. सुहास सकाळी ट्रेनने शिकागोला जाई. माझ्या व्हिसावर काम करता येत नव्हतं. इराला स्कूल बसवर सोडायचं, थंडीत ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढायचा, दुपारी मराठी मंडळाच्या कोणा मावशींबरोबर ग्रोसरीला जायचं. वीस वर्षं रोज अंक काढलेल्या बाईला दिवस संपला हे कळायला काही खूण उरली नव्हती. पुढे वर्क परमिट आला. आता मी शाळेच्या पुस्तकांचं कॉपी एडिटिंग करते, घरून. इरा घरात मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. चार वर्षांपूर्वी आई गेली. मी तिसऱ्या दिवशी पोचले.

लायब्रऱ्या खरोखरच मोठ्या होत्या. मी कागद शोधला नाही याचं कारण वेळ नव्हता हे नव्हे. मला वाटत होतं की कागद मिळेल, आणि त्यावर बाबांचं नाव नसेल. माझ्या हिशेबाने त्यांची हकिकत जुळत नव्हती. वेळ जुळत नव्हती, पदक जुळत नव्हतं. बाबा खोटं बोलले असं मी मनातसुद्धा म्हणत नव्हते. एवढंच की तपासलं तर म्हणावं लागेल, म्हणून तपासत नव्हते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत दादाचा फोन आला. बाबा ज्या मैदानावर पळत, तिथे नवीन पॅव्हेलियन झालं होतं आणि जुन्या खेळाडूंच्या नावांचा बोर्ड लागणार होता.

"बाबांचं नाव घेतलंय," दादा म्हणाला. "पण कमिटीत एक अडेल आहे. म्हणतो पुरावा द्या. अगदी तुझ्यासारखा."

"मग?"

"मग काय, बाबांनी त्याला सांगितलं, माझी मुलगी अमेरिकेत शोधते आहे. अकरा वर्षांपासून शोधते आहे. मिळालं की पाठवेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शोधते आहेस ना?" दादाने विचारलं.

"हो," मी म्हटलं. त्या दिवसापासून ते खरं झालं.

काम अवघड नव्हतं, आणि ही गोष्ट मला जास्त लागली. दोन आठवडे ईमेल केले. महोत्सवाच्या काळात रोज एक छापील पत्रक निघत असे, त्याच्या इंग्रजी आवृत्तीचा एक खोका मिशिगनमध्ये ॲन आर्बरच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात होता. त्याचं स्कॅनिंग झालेलं नव्हतं. अपॉइंटमेंट घेऊन तिथेच बसून पाहायचं होतं.

इराला सुट्टी होती आणि तिला कॉलेजचा कॅम्पस बघायचा होता, म्हणून तिघं निघालो. सुहास गाडी चालवत होता. "एका नंबरसाठी पाच तास ड्राइव्ह," तो म्हणाला. "यार, बाबांनी अख्खी रेस चार मिनिटांत उरकली होती." मिशिगनमध्ये घड्याळ एक तास पुढे असतं हे आम्ही दोघंही विसरलो होतो. एकची वेळ होती. पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. काउंटरवरच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खोका आणून दिला.

बॅग लॉकरमध्ये, पेन बंद, फक्त पेन्सिल. कागद पातळ, पिवळे, कडा मोडणारे. पहिली काही पत्रकं भाषणांनी भरलेली होती. सातव्या अंकात शेवटच्या पानावर ॲथलेटिक्सचे निकाल होते. पंधराशे मीटरखाली सहा नावं. पहिल्या तिघांत बाबा नव्हते. चौथ्या ओळीत होते. नाव, आडनाव, भारत. वेळ तीन मिनिटं एकोणसाठ पूर्णांक आठ.

मी ती ओळ तीनदा वाचली. चौथा. आणि वेळ त्यांनी सांगितली त्यापेक्षा चौदा सेकंदांनी चांगली. माणूस बढाई मारतो तेव्हा दोन्ही आकडे आपल्या बाजूने वाढवतो. इथे एक वाढला होता, दुसरा घटला होता. अशी चूक मी डेस्कवर कधी पाहिली नव्हती.

निकालाखाली कोणा वार्ताहराने चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा मी तिथेच पेन्सिलीने मराठीत अनुवाद केला: "पहिले दोघे बरेच आधी पोचले. तिसऱ्या क्रमांकासाठीची झुंज रंगली. भारतीय धावपटू फार उशिरा वेगात आला आणि फितीपाशी एका छातीच्या अंतराने मागे राहिला. तो मात्र थांबला नाही. त्याने लगेच पुढच्याला मागे टाकलं आणि तो पूर्ण वळण तशाच वेगाने एकटा धावत राहिला. प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या."

चांगली बातमी होती. मोजकी, डोळ्यांनी पाहिलेली. पण बाबा का थांबले नाहीत हे वार्ताहराला कळलं नव्हतं, आणि मलाही कळेना.

ते इराने सांगितलं. ती हायस्कूलच्या टीममध्ये सोळाशे मीटर पळते. इथल्या शाळांत पंधराशे नसतात. सोळाशेच असतात, बरोबर चार फेऱ्या. बाहेर एका कॅफेत बसून मी तिला फोनमधला फोटो दाखवला. तिने तो वाचला, वेटरने ठेवलेला पेपर नॅपकिन ओढला आणि त्यावर लांबट गोल काढला.

"आई, लुक. सोळाशेला स्टार्ट आणि फिनिश सेम लाइन. फोर लॅप्स, डन. पंधराशे इज वीअर्ड. स्टार्ट इकडे असतो." तिने फिनिशच्या पुढे, वळण संपतं तिथे खूण केली. "हंड्रेड मीटर्स पुढे. सो फिनिश कम्स अर्ली. कोच म्हणतो, कॉलेजमध्ये गेल्यावर दर वर्षी कोणीतरी फ्रेशमन हे मेस अप करतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आजोबा थॉट इट वॉज फोर लॅप्स. ही वॉज सेव्हिंग हिज फायनल स्प्रिंट फॉर द राँग लाइन."

नागपूरच्या त्या मैदानावर गवत होतं आणि फक्कीने आखलेल्या रेषा होत्या. एक फेरी चारशे चाळीस यार्डांची. मैल म्हणजे अशा चार. जिथून सुटायचं तिथेच संपायचं. बाबा आणि त्यांचे शिक्षक, दोघांनी आयुष्यात याहून वेगळी लांब शर्यत पाहिली नव्हती. घंटा वाजली तेव्हा बाकीचे घाईत नव्हते. शेवटची फेरी खरोखरच सुरू झाली होती. फीत पहिल्याने तोडली होती, त्यामुळे चौथ्याला ती दिसलीच नाही. त्याला हिरवी पाठ दिसत होती. ती त्याने ओलांडली आणि तो आपल्या रेषेकडे गेला. त्या रेषेवर शिक्षक घड्याळ घेऊन उभे होते, कारण त्यांच्या मते शर्यत तिथे संपत होती. त्यांनी काटा थांबवला तेव्हा चार मिनिटं चौदा सेकंद झाले होते. सोळाशे मीटरचे.

"दॅट्स अ गुड सिक्स्टीन हंड्रेड," इरा म्हणाली. "माझ्या टीमचे बॉइज पण दे'ड टेक दॅट."

सुहासने नॅपकिन सरळ करून पाहिला. "मोजणी खात्यात होते ना बाबा?" तो म्हणाला. कोणी हसलं नाही, तोही नाही.

संध्याकाळी हॉटेलमधून मी दादाला फोटो पाठवला. इकडची संध्याकाळ ही तिकडची पहाट. दादा लवकर उठतो. फोन लगेच आला.

"चौथा," तो म्हणाला.

"हो."

"अरे बाप्पा. आता?" तिकडे दार लावल्याचा आवाज आला. "हे बघ. पुरावा हवा होता, तो मिळाला. नाव आहे, भारत आहे, स्पर्धा आहे. कमिटीला सांगतो, कागद अमेरिकेत आहे, बहिणीने पाहिला. नंबर मी तोंडी सांगतो. पेंटरने तिसरा असं आखूनसुद्धा ठेवलंय."

"दादा."

"कोण जातंय तिकडे बघायला? त्र्याण्णव वर्षांचा माणूस आहे. सत्तर वर्षं तिसरा आहे. तू एका फोनवर त्याला चौथा करणार?"

"मी नाही करत आहे."

"तूच करते आहेस. हॉलमध्येही तूच केलं होतंस. त्यानंतर ते महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. माझ्याशी! मी हॉल घेतला म्हणून. तू तेव्हा पेपरला निघून गेलीस, आता अमेरिकेत आहेस. घरात मी असतो."

तो बरोबर बोलत होता. घरातून गेलेल्या माणसाला खरं बोलायची चैन परवडते, कारण नंतरच्या जेवणाला तो समोर नसतो. मी म्हटलं, "मी पाठवते ते पान कमिटीला दाखवायचं असेल तर जसंच्या तसं दाखव. नाहीतर दाखवूच नकोस. पण बाबांना आधी मी सांगते. रविवारी." तो "बघ बाई" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

रविवारी आमच्या सकाळी साडेसातला तिकडे संध्याकाळचे सहा वाजतात. बाबा त्या वेळी बाल्कनीत बसलेले असतात. उजव्या कानाला फोन लावला की त्यांना स्वच्छ ऐकू येतं. इरा माझ्याशेजारी नाश्ता करत होती.

मी प्रस्तावना केली नाही. निकाल वाचला, मग चार ओळींचा मजकूर. बातमी वाचून दाखवावी तसा, एका लयीत. वाचून संपलं. तिकडे बाल्कनीखालच्या रस्त्यावरून स्कूटर गेल्याचं ऐकू आलं.

"स्टार्ट कुठे होता म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"फिनिशच्या पुढे शंभर मीटर. वळण संपतं तिथे."

"फेरी चारशे मीटरची."

"हो."

"म्हणजे तीन फेऱ्या आणि तीनशे." ते हळूहळू मोजत होते. "पहिल्यांदा रेषा आली ती तीनशेला. बरोबर. घंटा मग अकराशेला वाजली. मला वाटलं, हे लोक घंटा चुकीच्या जागी वाजवतात." थांबले. "सुरुवातीला सांगितलं असेल त्यांनी. रशियनमध्ये, फ्रेंचमध्ये. सरांनी मान डोलावली होती. मग मीही डोलावली."

"बाबा..."

"तो हिरवा शर्ट. किती पुढे होता लिहिलंय?"

"एका छातीने."

"एका छातीने." पुन्हा स्कूटर. "मग तिसरा तो. सत्तर वर्षं मी त्याचा नंबर घेऊन बसलो होतो."

हे ते विनोदाने म्हणाले की नाही, मला कळलं नाही. इराने चमचा खाली ठेवला होता.

"वेळ पुन्हा वाच."

"तीन एकोणसाठ पूर्णांक आठ."

"चारच्या आत?"

"चारच्या आत."

"हे सरांना कळलं नाही," ते म्हणाले. "ते गेले तेव्हा चार चौदाच समजून गेले."

मी ठरवून ठेवलेलं वाक्य तेव्हा म्हटलं. म्हटलं, तुम्ही खोटं बोलत नव्हता, मी तपासायच्या आधीच ठरवून टाकलं होतं, तेही चाळीस माणसांसमोर. आणि अकरा वर्षं मी शोधत नव्हते.

"ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "शोधलं असतंस तर दोन महिन्यांत मिळालं असतं. तुझं काम चांगलं आहे." मग म्हणाले, "कागद नव्हता. तू विचारलंस ते बरोबरच होतं. फक्त आवाज जरा लहान ठेवायला हवा होतास."

"हो."

"झालं तर मग."

मागून दादाचा आवाज आला. तो बहुधा दारातच उभा होता. "मग पेंटरला काय सांगू?"

"चौथा म्हण!" बाबा फोन तोंडापासून न हलवता ओरडले. माझ्या कानाला दडा बसला. "आणि वेळ लिहायला सांग. वेळेशिवाय नंबरला काही अर्थ नाही. सुटे आकडे नीट काढ म्हणावं, पूर्णांक आठ!"

"जागा नाही तेवढी बोर्डावर."

"मग माझं नाव बारीक काढ."

दादा काहीतरी पुटपुटला आणि हसला. बऱ्याच दिवसांनी मी त्याचं हसणं ऐकलं. नंतर इराने फोन घेतला. ते दोघं पंधरा मिनिटं बोलले. ती इंग्रजीत, ते मराठीत, आकडे दोघांना कळणारे. पहिल्या फेरीला किती वेळ ठेवायचा, वळणावर बाहेरून जावं की थांबावं. बाबा तिला सांगत होते की पुढच्याच्या पाठीकडे बघ. ती त्यांना सांगत होती की नो, आजोबा, यू हॅव टू लुक ॲट द लाइन.

बोर्ड एप्रिलमध्ये लागला. दादाने फोटो पाठवला. इतर नावांपुढे फक्त क्रमांक आहेत. बाबांच्या नावापुढे क्रमांक आणि वेळ आहे, आणि त्या ओळीची अक्षरं खरोखरच इतरांपेक्षा बारीक आहेत. कमिटीतल्या त्या अडेल गृहस्थांनी कागदाची प्रत मागून घेतली आणि फाइलला लावली. मला ते गृहस्थ आवडले.

आमचा रविवारचा फोन अजून होतो. आम्ही निघालो तेव्हा तीन वर्षांचं सांगून निघालो होतो. सुहासचा प्रोजेक्ट संपेल, इरा तिसरीत जाईल, आम्ही परत येऊ. ते कोणी लिहून घेतलं नव्हतं, पण सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं, माझ्याही. तीनाची सहा झाली, मग घर घेतलं, मग ग्रीन कार्ड. फोन ठेवायच्या आधी बाबा नेमाने विचारत, "मग कायमचं यायचं काय ठरलं?" आणि मी नेमाने म्हणत असे, "बघू, इराची शाळा होऊ दे."

त्या रविवारनंतर त्यांनी हे विचारलं नाही. पहिल्यांदा मला वाटलं विसरले. दुसऱ्या, तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की ते विसरलेले नाहीत. ते आता विचारतात, इराची पुढची शर्यत कधी, आणि तिकडे बर्फ वितळला का. मीही शाळेचं कारण सांगायचं सोडून दिलं आहे. कारण द्यायचं म्हटलं तर अजून बरीच आहेत, पण ती कोणी मागत नाही.

तुमच्यापैकी जे तिकडे राहिलात, तुम्हाला हे सोडून देण्यासारखं वाटेल. तसं ते नाही. या जूनमध्ये आम्ही तीन आठवडे नागपूरला जाऊन आलो. मैदानावर गेलो. गवत काढून तिथे लाल सिंथेटिक ट्रॅक घातला आहे. चारशे मीटरचा. बाबांना खुर्चीत बसवून सावलीत नेलं होतं. इराने पंधराशेचा स्टार्ट शोधून काढला आणि तिथून त्यांना हात केला. त्यांनी पुढे वाकून अंतर पाहिलं, डोळ्यांनी मोजलं, आणि मान डोलावली.

परतीच्या दिवशी बॅगा भरताना वहिनीने विचारलं, किती वाजता निघायचं. मी म्हटलं, "पाचला निघू, म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत घरी पोचू." बोलून झाल्यावर ऐकू आलं, मी 'घरी' म्हटलं होतं. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनीही ऐकलं होतं. आमच्या घरात कोणी चूक केली तर दुसरा ती दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही, मग ती तारखेची असो, रस्त्याची असो, नाहीतर नंबराची.

बाबा म्हणाले, "पाचला उशीर होईल. साडेचारला निघा."